विरजणाची बादली

माझ्या बापाच्या नाकात भोक होतं. बाहेरून दिसणारं नाही, आतल्या पडद्याला पडलेलं. लहानपणी तो आम्हा भावंडांना समोर बसवायचा, एका नाकपुडीतून दोरा आत सारायचा आणि दुसरीतून बाहेर ओढून दाखवायचा. आम्ही टाळ्या पिटायचो. एकदा दादाने विचारलं, बाबा, हे भोक कशानं पडलं? बापाने दोरा बाजूला ठेवला आणि त्याच्या कानाखाली अशी वाजवली की तो भिंतीवर जाऊन आपटला. "कामानं पडलंय," बाप म्हणाला, "चोरी करून नाही पडलं."

ते क्रोमने पडलं होतं. आमच्या कारखान्यात औषधाच्या कंपन्यांना लागणारी एक पांढरी पूड बनायची आणि ती बनवायला क्रोमचं नारिंगी ॲसिड लागायचं. त्याची वाफ रोज नाकात गेली की पाच-सात वर्षांत आतला पडदा कुरतडला जातो. दुखत नाही फारसं. आधी खपली धरते, मग रक्त येतं, मग एक दिवस शिंकरताना भोक पडल्याचं कळतं. काम संपलं की नारिंगी क्रोमचा हिरवा गाळ व्हायचा. पुडीच्या एका पोत्यामागे चार पोती गाळ. तो मागच्या खड्ड्यात जायचा, आणि खड्ड्याच्या कडेला गवताची काडी उगवत नव्हती.

मी रसायनशास्त्र शिकले ते या भोकापायी. शिकून बाहेर कुठेतरी काचेच्या प्रयोगशाळेत बसले असते तर बरं झालं असतं, असं आमच्या वहिनी आजही म्हणतात. पण एका संध्याकाळी आम्ही सगळे जेवायला बसलो होतो आणि दादाच्या नाकातून रक्ताचा थेंब ताटात पडला. तो तेव्हा त्याच कारखान्यात रिॲक्टरवर, म्हणजे रसायनं उकळायच्या बंद टाकीवर होता, बापाच्याच जागी. त्याने थेंब बोटाने पुसला आणि जेवत राहिला. बापाने बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या कारखान्यातून क्रोम घालवायचं, एवढं एकच मी त्या ताटावर ठरवलं.

मालकाला नाक-बिक काही पटलं नसतं. त्याला पटला तो खड्डा, कारण तो काठोकाठ भरला होता आणि दुसरा खणायला परवानगी मिळत नव्हती. मी सांगितलं की क्रोमऐवजी पेरॉक्साइड वापरता येतं, सोबत काम वेगाने व्हायला चिमूटभर टंगस्टन, आणि मागे उरतं ते फक्त पाणी. मालकाने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी जावई म्हणून राजपुत्र आणून दिलाय. तयार झाला, पण एका अटीवर. बॅच एका पाळीत, आठ तासांत बाहेर पडली पाहिजे. नाही पडली तर क्रोम आहेच. साठ ड्रम त्याने मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली झाकून ठेवले, अडीनडीला म्हणून.

आता पेरॉक्साइड हे तापट पोर आहे. ते थेंबथेंब सोडायचं असतं, दहा तास. दहा तासांचे आठ करायचे तर पहिला एक तृतीयांश भाग एकदमच आत ओतायला हवा. मी हिशेब केला. टंगस्टन ठरल्याइतकंच असेल तर उष्णता ताब्यात राहत होती, जेमतेम. मी मान डोलावली. ती माझी पहिली चूक, आणि ती मी डोळे उघडे ठेवून केली.

कामगारांना शिकवायला मी कॅन्टीनच्या भिंतीवर बारा तत्त्वं लिहून लावली. हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वं, जगभर हीच मानतात. घाण करून निस्तरण्यापेक्षा ती होऊच देऊ नये. आत घातलेला कण न् कण मालात उतरावा. विषारी वस्तू विषारी म्हणूनच टाळावी, तोंडाला फडकं बांधून नव्हे. असं करत बारा. लोकांनी लगेच त्याचं नाव पाडलं बाराखडी, आणि माझं बाराखडीबाई. फोरमन होता, त्याला सगळे शिट्टी म्हणायचे, कारण त्याच्या नाकातल्या भोकातून श्वासागणिक बारीक शिट्टी वाजायची. माणूस ओळीत मागे उभा असला तरी कळायचं. तो म्हणाला, "बाई, आमचं रसायनशास्त्र आधीपासूनच हिरवं आहे. खड्ड्यात जाऊन बघा." सगळे खो खो हसले. मीही हसले, काय करणार, विनोद चांगला होता.

दुसऱ्या दिवशी त्या कागदावर कुणीतरी माझं चित्र काढलं, दोन्ही नाकपुड्यांतून दोरा घातलेलं. दादाने काढणाऱ्याला शोधून काढलं आणि त्याचंच तोंड घासून कागद पुसला. भिंतीवर शाईपेक्षा रक्त जास्त लागलं. मी ओरडले, तर दादा म्हणाला की तुझ्या बारा कलमांत मारू नये असं कुठे लिहिलंय, दाखव. नव्हतं लिहिलेलं. आमच्या घरात राग नाकाच्या शेंड्यावर असतो, आणि नाकाची अवस्था तर सांगितलीच.

पण त्यानंतर दादा माझ्या बाजूला आला तो पुरता आला. त्याला सगळं समजून घ्यायचं होतं. नववं तत्त्व त्याला कळेना. त्यात म्हटलंय की वस्तू पोत्यांनी ओतण्यापेक्षा उत्प्रेरक वापरा. उत्प्रेरक म्हणजे काय, त्याने विचारलं. मी म्हटलं, जो स्वतः खर्च होत नाही, पण ज्याच्यामुळे बाकीचं घडून येतं. त्याचा चेहरा कोराच. मग मला वाटलं, मी फार हुशार आहे, आणि मी म्हटलं, "अरे, विरजण. पातेलंभर दुधाला चमचाभर लागतं ना, तसं." त्याचा चेहरा उजळला. तो बाकीच्यांना जाऊन सांगू लागला, हे टंगस्टन म्हणजे विरजण आहे, विरजण. आठवडाभरात सगळ्या पाळीला तो शब्द पाठ झाला. मला अभिमान वाटला. कठीण गोष्ट सोपी करून सांगणं म्हणजे हेच, असं मला वाटलं.

बॅचेस चालू झाल्या. पहिल्या सहा रडतखडत झाल्या, आठ तासांच्या वर वीस-वीस मिनिटं. सातवी वेळेत आली. पुढच्या त्याहून लवकर. रिॲक्टर सुरू केल्यावर तापायला आधी चाळीस मिनिटं लागायची, मग पस्तीस, मग अठ्ठावीस. तापमानाचा आलेख रोज माझ्या टेबलावर यायचा. तेही एक तत्त्वच आहे, अकरावं, की काम चालू असतानाच त्याच्यावर नजर ठेवा. मी नजर ठेवत होते. बाविसाव्या बॅचच्या आलेखावर मी स्वतःच्या अक्षरात शेरा मारला आहे, "उत्तम. पद्धत मुरते आहे."

तेविसावी फुटली.

सकाळचे साडेदहा झाले होते. मी रिॲक्टरपासून वीस पावलांवर, माझ्या खोलीत होते. आधी ढवळणीचा आवाज बदलला, जड झाला. मग गार पाण्याचे पाइप ठोकल्यासारखे वाजू लागले. मी बाहेर आले तेव्हा वरच्या प्लॅटफॉर्मवरून दादा ओरडत होता, उतरा, सगळे उतरा. माणसं जिन्यावरून एकमेकांच्या अंगावर पडत खाली येत होती. तो एकटा वर राहिला, गार पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडायला. तो व्हॉल्व्ह मॅनहोलच्या, म्हणजे टाकीच्या वरच्या तोंडाच्या शेजारी बसवलेला आहे. कुणा शहाण्याने तो तिथे बसवला ते मला माहीत नाही, पण रोज त्याच्याखालून जाऊन मी कधी वर बघितलं नव्हतं.

स्फोट म्हणजे आवाज असतो असं आपल्याला वाटतं. मला आवाज आठवत नाही. छातीवर कुणीतरी लाथ घातली एवढंच आठवतं. मॅनहोलचं झाकण बिजागरीसकट उखडून छतात गेलं, छताचा पत्रा फाडून बाहेर पडलं आणि वाहनतळावर आपटलं. आतला उकळता माल उभ्या झोतात वर आला आणि दादाच्या तोंडावर बसला. त्याचा चष्मा झोताने उडवला. खिडक्यांच्या काचा सगळ्या एकदम खाली आल्या. एका माणसाचं ढोपर उलटं वळलं, एकाच्या गालात काच आरपार गेली आणि तो ती जिभेने चाचपत उभा राहिला.

मी जिना चढले. दादा कठडा धरून उभा होता, पडला नव्हता. त्याचं तोंड पांढरं झालं होतं, चुना फासावा तसं, आणि त्यात डोळे कुठे आहेत ते कळत नव्हतं. मी त्याला कॉलरला धरून खाली ओढलं. पायऱ्यांवर आम्ही दोघे घसरलो. शॉवरखाली नेऊन साखळी ओढली तसा तो मला मारू लागला. त्याला कळत नव्हतं कोण धरतंय, फक्त कुणीतरी धरतंय आणि पाणी झोंबतंय. त्याने माझा ओठ फोडला, एक बरगडी मोडली. मी त्याला भिंतीशी दाबून धरलं आणि पापण्या बोटांनी उघडून पाणी आत जाऊ दिलं. पंधरा मिनिटं डोळे धुवायचे असतात. मी वीस मिनिटं धुतले, आणि सगळा वेळ तो आईला हाक मारत होता. आई जाऊन अकरा वर्षं झाली होती.

डोळे गेले. दोन्ही. हातमोज्यांनी हात वाचवले, तेवढंच.

रुग्णालयाच्या व्हरांड्यात बाप आला तो काठी घेऊन. चालायला लागते म्हणून नाही, मला मारायला आणली होती. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा मोडलेल्या बरगडीवर, आणि मी फरशीवर बसले. परिचारिका धावल्या. बाप त्यांच्या हातांत धडपडत म्हणाला, "क्रोमनं तीस वर्षांत माझं नाक खाल्लं. तुझ्या पाण्यानं एका मिनिटात माझ्या पोराचे डोळे खाल्ले. आगीतून फुफाट्यात नेलंस त्याला." मला तेव्हा खरंच माहीत नव्हतं की हे का झालं.

तिसऱ्या दिवशी कळलं. शिट्टीने प्लॅटफॉर्मखालच्या कपाटातून एक बादली आणून माझ्या टेबलावर ठेवली. स्टीलची, झाकणाची, झाकणावर स्वच्छ फडकं बांधलेलं. आत पाण्यासारखं काहीतरी होतं. दादाच्या कपाटातली आहे, त्याने सांगितलं, आणि जाताना नाकातून दोनदा वाजला.

मी तपासलं. टंगस्टन होतं. भरपूर. पुन्हा तपासलं, तिसऱ्यांदा तपासलं. मग मी सगळे आलेख काढून जमिनीवर मांडले आणि त्यांच्यामध्ये बसले. सातव्या बॅचपासून दादा रोज संपलेल्या बॅचच्या तळचं पाणी बादलीभर काढून ठेवत होता आणि दुसऱ्या दिवशी नव्या बॅचला लावत होता. विरजण कुठून येतं? कालच्या दह्यातून. ज्याने आयुष्यात एकदा दही लावलंय त्याला हे सांगावं लागत नाही. वर ठरल्याप्रमाणे ताजं टंगस्टनही तो घालत होताच, कारण ते कागदावर लिहिलं होतं. खर्च होत नाही, हे मीच त्याला सांगितलं होतं. मग ते रोज साठत गेलं. चाळीस मिनिटं, पस्तीस, अठ्ठावीस. आणि मी त्या आलेखांवर उत्तम म्हणून शेरे मारत होते. माझी विद्या सुधारतेय, असं मला वाटत होतं.

मालकाला बादलीचं कळलंच होतं. त्याने मला बोलावून खुर्ची दिली, जी तो कधी देत नसे. शुक्रवारी सरकारी तपासणी अधिकारी येणार होता. मालक म्हणाला की गोष्ट अगदी सरळ आहे. एक तर तुमची पद्धत वाईट, मग ती बंद आणि सोमवारपासून क्रोम. नाहीतर पद्धत चांगली, मग तुमचा भाऊ वाईट, त्याने न विचारता बादली ओतली. "दोघांतलं एक वाचवा," तो म्हणाला, "माझं काही म्हणणं नाही."

हे घरी पोचायला वेळ लागला नाही. मी दारात चपला काढत होते तोवर वहिनींनी माझे केस धरले आणि मला वाकवून उंबऱ्यावर आपटलं. त्या एरवी माझ्याशी आवाज चढवून बोलत नाहीत. "वन्सं, आंधळा करून दिलात तो पदरात घेतला," त्या म्हणाल्या. "आता त्याला गुन्हेगार केलंत तर मी तुम्हाला याच दारात जाळीन." मला त्यांचं बोलणं खरं वाटलं. त्या बोलतात ते करतात.

दादाला मी गुरुवारी भेटले. डोळ्यांवर पट्ट्या, बाकीचं तोंड सोललेल्या बटाट्यासारखं. माझी चाहूल लागताच त्याने खोलीत आणखी कोणी आहे का विचारलं. नाही म्हटल्यावर त्याने मान माझ्याकडे वळवली. मग हळूच म्हणाला, "तुला एक सांगायचं होतं. त्या दिवशी मी विरजण जरा कमी घातलं. निम्मं बादलीतच राखून ठेवलं होतं, उद्यासाठी. त्यानं फाटलं का गं?"

माणूस इतके दिवस अंधारात पडून हा विचार करत होता, की आपण कमी घातलं म्हणून फाटलं. मी त्याला सगळं सांगितलं. बादली, आलेख, माझे शेरे, आणि एकदम ओतलेला तो एक तृतीयांश. लपवलं नाही काहीच. तो हसायला लागला. हसताना तोंडाची कातडी ताणली जाऊन फुटत होती, तरी तो थांबेना. मग म्हणाला, "म्हणजे पूर्ण घातलं असतं तर छतासकट गेलो असतो." आणि मग हसणं कधी संपलं आणि दुसरं काय सुरू झालं ते मला कळलं नाही, कारण रडायला त्याच्याकडे डोळे नव्हते.

शांत झाल्यावर तो म्हणाला की माझं नाव घाल. डोळे गेलेच आहेत, नाव गेलं तर काय मोठं. पण क्रोम परत येता कामा नये, नाहीतर हे सगळं कशासाठी झालं? मी त्याला म्हटलं की मी कुणाचंच नाव बुडवणार नाही. तिसरं उत्तर आहे, आणि ते खरं आहे. त्याने माझा हात धरून दाबला. त्याच्या हातात जोर अजून होता.

शुक्रवारी दुपारी मालकाच्या खोलीत आम्ही चौघे. मालक, शिट्टी, मी, आणि तो अधिकारी, साठीचा, शांत, स्वतःचं पेन स्वतः पुसणारा माणूस. टेबलावर पुरावा म्हणून ती बादली. मी एक तास बोलले. विरजण हा शब्द मीच दादाला दिला हे सांगितलं. आलेख दाखवले, माझं अक्षर दाखवलं. म्हटलं, बारावं तत्त्व असं आहे की पद्धतच अशी निवडावी जिच्यात अपघात होऊ शकणार नाही. चूक करणारा माणूस नेहमीच असणार, पद्धत अशी हवी की ती त्याची चूक पोटात घालेल. पेरॉक्साइड दहा तास थेंबथेंब सोडलं असतं तर दादाने दहा बादल्या ओतूनही बॅच जरा गरम झाली असती, एवढंच. आत जे साठलेलंच नाही ते फुटणार कसं? आठ तासांची घाई मालकाची, होकार माझा. दोष लिहायचा तर तिथे लिहा आणि पद्धत दहा तासांनी चालू ठेवा.

अधिकाऱ्याने तीन प्रश्न विचारले, तिन्ही नेमके. मग त्याने कागद पुढे ओढला आणि म्हणाला की मला हे पटतंय. मालक खुर्चीत चुळबुळला. मी आयुष्यात इतकी हलकी कधी झाले नव्हते. पेन कागदाला टेकलं होतं.

तेवढ्यात शिट्टी म्हणाला, "तिच्या भावाचं बरंय. त्याला आता बाराखडी वाचायला नको."

विनोदच होता. तो असे विनोद रोज करायचा. मी बादलीची कडी धरली आणि पूर्ण हात फिरवून ती त्याच्या तोंडावर हाणली. दात घशात घालीन, असं आपण उगाच म्हणतो. मी खरंच घातले, दोन. झाकण उडालं, आतलं पाणी भिंतीवर, फायलींवर, मालकाच्या शर्टावर. तो खुर्चीसकट मागे गेला आणि मी पुन्हा हाणली, या वेळी कपाळावर, आणि तिसऱ्यांदा उचलली तेव्हा मालकाने मला मागून कव घातली. शिट्टीच्या नाकातून वाजत नव्हतं आता, ते रक्ताने भरलं होतं. तो माझ्या बापासारखाच एक म्हातारा होऊ घातलेला माणूस होता, त्याच भोकाचा, आणि तो फरशीवर दात शोधत होता.

अधिकाऱ्याने कागदावर उडालेलं रक्त टिपलं. पेनाला टोपण लावलं. माझ्याकडे बघून अगदी हळू, घरातल्या माणसासारखं म्हणाला, "बाई, तुम्ही म्हणालात ते सगळं खरं आहे. पण ज्या हातावर तुमचाच ताबा नाही, त्या हातात मी पेरॉक्साइड कसं देऊ?" मग त्याने दुसरा कागद घेतला आणि पद्धत बंद केल्याचं लिहिलं. मला त्याच संध्याकाळी फाटकाबाहेर काढलं. पोलिसांनी दोन दिवस ठेवून सोडलं, शिट्टीने तक्रार मागे घेतली म्हणून. का घेतली ते त्याने सांगितलं नाही, आणि विचारायला जायचं तोंड मला नव्हतं.

सोमवारी ताडपत्री काढली. क्रोमची बॅच लावायची म्हणजे हात सरावाचा हवा. शिट्टी पडून होता, बाकी नवे होते. मालकाने गाडी पाठवली आणि माझा बाप दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून त्या गाडीत बसला. सात वर्षांनी कुणीतरी त्याला कामाला बोलावलं होतं. जाताना त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दादाला त्याच दुपारी घरी आणलं. वहिनी त्याला खाटेवर बसवून आत गेल्या. मी दाराशी उभी होते. कोठडीतून आलीस का, त्याने विचारलं. मी हो म्हटलं. काय झालं ते त्याला लोकांकडून कळलं होतं, पण त्याला माझ्या तोंडून हवं होतं. मी सांगितलं. पेन टेकलं होतं, हेही सांगितलं.

"आणि आता तिथे क्रोम कोण ओततंय?"

"बाबा."

तो उठून उभा राहिला. हातांनी हवा चाचपत दोन पावलं पुढे आला. म्हणाला, "मी बादली ओतली ती न कळता ओतली. तुला तर सगळं कळत होतं."

मग त्याने हात उगारला आणि सगळी ताकद लावून मारला. मी डाव्या बाजूला उभी होते, हात उजवीकडून नुसताच गेला. तो तोल जाऊन भेलकांडला, कपाटाला धरून सावरला. पुन्हा उगारला, पुन्हा हुकला. त्याच्या तोंडून रडू फुटल्यासारखा आवाज आला, माझ्या भावाच्या, ज्याचा फटका कधी कुणाला चुकला नव्हता.

तिसऱ्यांदा हात वर गेला तेव्हा मी एक पाऊल पुढे झाले आणि गाल तिथे नेऊन ठेवला.